टेकडीवरचं उखळ

गावातलं एखादं पोर रस्त्यानं चाललंय आणि जेरुशाआजीच्या हाकेतून सुटलंय, असं कधी झालं नाही. म्हातारी ओसरीवर खुर्ची टाकून बसलेली असायची. पोर दिसलं की हाक आलीच. नाव माहीत असेल तर नावानं, नसेल तर "ए तांबड्या टोपीवाल्या!" म्हणून. नुसतं वळून पाहिलेलं तिला चालत नसे. तोंडानं ओ द्यावी लागे. "इथं आहे, आजी!" असं पोरानं खणखणीत म्हटलं की तिच्या खिशातून मेपलच्या साखरेचा खडा निघायचा. काही आगाऊ पोरं खड्याच्या आशेनं उगाचच तिच्या दारावरून चकरा मारत. तिला ते कळत नव्हतं असं नाही, पण तिनं कुणाला कधी हटकलं नाही.

बायका आपसात म्हणत, म्हातारीला ओरडायची भारी हौस. गिरणीवाला तर म्हणायचा, "हिच्यापुढे चर्चची घंटा मुकी." हसणाऱ्यांनी हसावं. त्यातले बहुतेक इथं रस्ता झाल्यावर, ओढ्यावर गिरणी चालू झाल्यावर आलेले. नुसतं रान होतं तेव्हा ही बाई कशी होती, हे पाहिलेलं माणूस गावात आता एखाददुसरंच उरलं होतं. तेव्हाची जेरुशा हळू बोलायची. इतकी हळू की तिचा नवरा ईनॉक म्हणायचा, "तुझं ऐकायचं तर मला कान तुझ्या ओठाला लावून बसावं लागतं."

हळू बोलणं तिच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं होतं. तिचं लहानपण ओहायो नदीच्या दक्षिणेला, केंटकीत गेलं, ओंडक्यांच्या कोटात. कोटात थोडी बिऱ्हाडं, बाहेर मक्याची शेतं आणि शेतांपलीकडे रान. त्या रानात शॉनी लोक बापजाद्यांपासून शिकार करत आले होते. त्यांना न विचारता हा कोट उभा राहिला होता, तेव्हा त्यांचं कोटावर प्रेम असायचं काही कारण नव्हतं. ते हल्ले करत. कोटातली माणसं जाऊन त्यांची गावं आणि उभी पिकं जाळून येत. पोरांना यातलं काय कळणार? त्यांना एकच शिकवलेलं होतं. रानात कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, होतो तिथं बसायचं, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. हाक ओळखीच्या आवाजात आली तरी तेच. रोज कोटातून पोरांना मारलेल्या हाका रानात बसून कोण ऐकत असेल आणि त्याच आवाजात उद्या कोण बोलावेल, याचा भरवसा नव्हता.

मग खरं बोलावणं कुठलं हे पोरांनी ओळखायचं कसं? त्यासाठी बायकांनी उखळाची खूण ठरवली होती. फाटकाच्या आत मका कांडायचं मोठं उखळ होतं, माणसाच्या कमरेएवढा बुंधा पोखरून केलेलं. धोका टळला की त्यात मुसळ आपटायचं. दोन ठोके, जरा थांबून एक. तो आवाज रानात दूरवर जायचा. हाक कुणीही मारील, पण उखळ कोटाच्या आत होतं.

जेरुशा आणि तिचा थोरला भाऊ एमस एकदा बोरूच्या बेटाजवळ काटक्या गोळा करत होती. बेटामागून हाक आली, "एमस, इकडे ये रे जरा." आवाज काकाचा वाटला. एमस म्हणाला, "आलो!" आणि गेला. जेरुशा बोरूत खाली बसली ती तळहात तोंडावर दाबून बसली. एमस पुन्हा कुणाला दिसला नाही. माणसं शोधत फिरली, तिच्या नावानं ओरडली, तरी ती हलली नाही. तिन्हीसांजेला उखळाचे ठोके ऐकू आले तेव्हा ती उठून घरी आली. आईनं तिला पोटाशी धरलं आणि रडता रडता म्हणाली, "मुकी राहिलीस म्हणून वाचलीस गं माझी बाय."

हे वाक्य जेरुशानं जन्मभर जपलं. दुसरं काही जपण्यासारखं तिच्याकडे नव्हतंच.

पुढे लढाया थांबल्या, तह झाला, आणि तहात नदीच्या उत्तरेचं रान गोऱ्यांना मिळालं. ईनॉकशी लग्न करून जेरुशा तराफ्यावरून नदी ओलांडून इकडे आली. ईनॉकनं झाडं पाडली, घर बांधलं, अंगणात बीच झाडाच्या बुंध्याचं उखळ केलं. आधी जोएल झाला, मग लेटी. ओढ्यापलीकडे तिथल्या मूळच्या डेलावेर जमातीची काही कुटुंबं राहत होती. मिशनच्या पाद्र्यांनी त्यांना ख्रिस्ती केलं होतं, त्यांचीही मक्याची शेतं होती, डुकरं होती. त्यांच्यातली बेनिग्ना नावाची बाई टोपल्या घेऊन यायची आणि मीठ घेऊन जायची. सुरुवातीला जेरुशा दाराआडून व्यवहार करायची. मग एका हिवाळ्यात जोएलला डांग्या खोकला झाला आणि बेनिग्ना कसल्याशा सालीचा काढा घेऊन तीन मैल बर्फातून आली. त्यानंतर दार उघडं राहू लागलं.

पण लेटीच्या बाबतीत जेरुशानं कुणाचं ऐकलं नाही. पोरीला चालता येऊ लागलं तसा दोघींचा एक खेळ सुरू झाला. लेटीनं रानाच्या कडेला लपायचं, आईनं हाका मारायच्या. गोड आवाजात, रागावून, रडवेल्या आवाजात, बापाचा घोगरा आवाज काढून. "लेटी, बाबा आलाय बघ! लेटी, अगं मी पडले, ये गं!" लेटीनं ओ दिली की ती हरली. नाही दिली तर आई उखळात ठोके घालायची, दोन आणि एक, आणि मग म्हणायची, "ये बाळ, ये. गेले सगळे." लेटी पाचोळ्यातून उठून पळत यायची आणि तिला साखरेचा खडा मिळायचा. पोरगी हुशार होती. पाच वर्षांची झाल्यावर ती एकदाही हरली नाही.

ईनॉक वैतागायचा. "लढाई संपून किती वर्षं झाली, जेरुशा! आता कोण येणार आहे? बेनिग्ना टोपली घेऊन येईल फार तर."

"तुझा भाऊ नव्हता गेला," जेरुशा म्हणायची.

तो कुऱ्हाड उचलून बाहेर जायचा.

लेटी आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पानगळ सुरू झाली होती. गाई रानात मोकळ्या चरायच्या आणि संध्याकाळी गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून त्यांना शोधून आणायचं काम पोरांचं असे. त्या दिवशी ईनॉक जोएलला घेऊन दूरच्या गिरणीवर गेला होता, म्हणून लेटी एकटी निघाली. जाताना म्हणाली, "आई, आज चेरीला मी लवकर आणीन. मग खेळू या?" जेरुशा साबणाचं पाणी उकळत होती. ती म्हणाली, "आधी गाय तर आण." चेरी गाय आपल्या पायानं घरी आली, घंटा वाजवत, रवंथ करत. लेटी आली नाही.

जेरुशानं पहिल्यांदा उखळाकडे धाव घेतली. मुसळ वाकवलेल्या फांदीला बांधलेलं होतं, हात सोडला की आपोआप वर जायचं. ती ठोके घालत राहिली, तळहात सोलून निघेपर्यंत. पण त्या दिवशी वारा टेकडीकडून घराकडे वाहत होता, आणि लेटी चेरीच्या शोधात टेकडी ओलांडून गेली होती हे तिला कुठून माहीत असणार?

सकाळपर्यंत शेजारपाजारची माणसं जमली. त्या काळात मूल हरवलं की कुणाला दोनदा सांगावं लागत नसे. लोक नांगर शेतात टाकून यायचे. बंदुका आल्या, शिंगं आली, कुत्री आली. ईनॉक गिरणीवरून परतला होता. निघण्याआधी त्यानं बायकोला बाजूला घेतलं.

"ती ओ देईल ना गं?"

जेरुशानं भाकरीची पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली.

"तुझ्या हाकेला देईल," ती म्हणाली. "बापाच्या हाकेला कोण ओ देणार नाही?"

ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. त्या घडीला तिला तसंच वाटलं, वाटायलाच हवं होतं. एवढ्या माणसांसमोर उभं राहून, ज्या गोष्टीनं स्वतःचा जीव वाचला तीच आपण पोरीच्या जिवावर आणली, असं कुठल्या आईच्या मनात येईल? आणि आलं तरी ती ते तिथं टिकू देईल का?

आईनं घरीच थांबायचं अशी रीत होती. चूल पेटती ठेवायची, दार उघडं ठेवायचं, पोर आपण होऊन आलं तर घरात कुणीतरी हवं. त्यामुळे रानात काय चाललंय हे जेरुशाला दिसलं नाही. रानात माणसं ओळीनं चालत होती आणि ओरडत होती, "लेटी! लेटी गं!" शिंगं फुंकत होती. मध्येच कुणी बंदूक झाडायचा, की पोरगी आवाजाच्या रोखानं येईल. कुत्री भुंकत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारी कॅल्विन बार्लो घसा बसल्यामुळे खुणांनी बोलायला लागला होता, एवढं त्या भल्या माणसानं ओरडून घेतलं. दुसऱ्या रात्री पाऊस लागला, बोचरा, बर्फ होता होता राहिलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेनिग्ना आली. अंगावर ओली घोंगडी, गुडघ्यापर्यंत चिखल. ती चुलीजवळ बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "टेकडीमागच्या ओढ्याला तुमच्या माणसांच्या बुटांचे ठसे आहेत. त्या ठशांवर पोरीच्या पायाचे ठसे आहेत."

"वर?" जेरुशाला आधी कळलंच नाही.

"माणसं पुढं गेल्यावर ती ओढा उतरलीय. पाणी प्यायलीय, गुडघे टेकलेले दिसतात. मग पळत परत झाडीत गेलीय. काल संध्याकाळचे असतील, पावसाआधीचे." बेनिग्नानं ओली घोंगडी आवळली. "ती हरवलेली नाही, बाई. ती लपलीय."

जेरुशाच्या हातातलं लाकूड खाली पडलं.

"तुला कसं कळलं?"

"आम्हीपण पोरांना हेच शिकवायचो. गोरे लोक हाका मारायला लागले तर ओ देऊ नका म्हणून." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "माझी बहीण तशीच वाचली. दुसरी ओ देऊन गेली. तुम्ही आता हाका थांबवा."

यानंतर जेरुशा अंगणात गेली आणि ओरडली. तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. जोएल तर घाबरून रडायलाच लागला. "ईनॉकला बोलवा! करवत आणा! उखळ कापा!"

माणसांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. ईनॉकला मात्र तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तो काही बोलला नाही. त्या वेळी नाही आणि नंतरही कधी नाही, आणि जेरुशाला मरेपर्यंत वाटत राहिलं की त्यानं एकदा तरी बोलायला हवं होतं, मारायला हवं होतं. त्यानं बुंधा जमिनीलगत कापला. ओंडके ओढायच्या घसरगाडीवर उखळ चढवलं, बैल जुंपले. चिखलातून, मुळांवरून, माणसांनी मागून रेटत ते टेकडीच्या माथ्यावर नेलं. कुत्री बांधली. शिंगं, बंदुका खाली ठेवल्या. कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं ठरलं, आणि एवढी सगळी माणसं ओल्या झाडांखाली टोप्या हातात धरून उभी राहिली.

जेरुशानं मुसळ दोन्ही हातांनी उचललं. दोन ठोके. एक.

पलीकडच्या खोऱ्यात आवाज गेला आणि फिरून आला. ती थांबली, ऐकलं. पुन्हा दोन, पुन्हा एक. "ये बाळ, ये. गेले सगळे." हे ती आधी हळूच म्हणत होती. मग मोठ्यानं म्हणू लागली. उन्हं कलली तरी ती थांबेना. ईनॉकनं मुसळ घ्यायला हात पुढं केला तर तिनं त्याला कोपरानं ढकललं.

लेटी सापडली ती ठशांचा माग काढत खाली गेलेल्या बेनिग्नाला. ओढ्याकाठी सिकमोरचं एक जुनं झाड होतं, आतून पोकळ, दोन माणसं उभी राहतील एवढं. त्याच्या ढोलीचं तोंड पाल्यानं आणि चिखलानं लिंपलेलं होतं, आणि लिंपण आतून केलेलं होतं. पोरीनं इतकं नीट केलं होतं की हाताच्या अंतरावरून जाणाऱ्यालाही कळू नये. झाडापासून दगड टाकला तर पडेल एवढ्या अंतरावर शोधणाऱ्यांच्या शेकोटीची राख होती. दुसऱ्या रात्री तिथं कॅल्विन बार्लो आणि आणखी चौघं बसले होते. रात्रभर आळीपाळीनं त्यांनी लेटीच्या नावानं हाका मारल्या होत्या.

पोर थंडीनं गेली होती. गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि एक हात तोंडावर होता.

बेनिग्नानं तिला घोंगडीत गुंडाळून वर आणलं. जेरुशानं दुरून पाहिलं, घोंगडीच्या आकारावरून तिला कळलं, तरी तिनं हातातला ठोका पुरा केला. मग मुसळ ठेवलं.

उखळ परत खाली आणायचं कुणी नाव काढलं नाही. ते टेकडीवरच राहिलं. ईनॉकनं दुसरं केलं नाही. मका कांडायला जेरुशा शेजारी जायची, पुढे गिरणी झाली तेव्हा प्रश्नच मिटला. लेटीला टेकडीच्या पायथ्याशी पुरलं.

काही वर्षांनी सरकारी माणसं आली, डेलावेर लोकांची जमीन काढून घेतली, आणि ओढ्यापलीकडची कुटुंबं पश्चिमेकडे निघाली. बेनिग्ना निरोप घ्यायला आली. पाठीवर टोपली, हाताशी नातू. जेरुशानं मक्याच्या भाकरी बांधून दिल्या, मीठ दिलं. दोघी ओसरीवर बसल्या.

शेवटी जेरुशानं नातवाकडे पाहून विचारलं, "याला काय शिकवणार?"

"तेच," बेनिग्ना म्हणाली. "अजून तेच."

ती उठली, नातवाचं बोट धरलं आणि रस्त्याला लागली. जेरुशा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे बघत उभी होती. ती चांगली मोठ्यानं रडली, शेजारणी बघत होत्या तरी. त्याच वर्षापासून ती येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना हाका मारायला लागली आणि ओ देणाऱ्याला साखर द्यायला लागली.

ईनॉक गेला. जोएलचं लग्न झालं, फीबी नावाची हसतमुख सून घरात आली. कालवा खणायला आयरिश मजूर आले, गावात दोन दुकानं झाली. आणि मग शेवटच्या हिवाळ्यात म्हातारीचं बोलणं थांबलं. आधी फीबीला वाटलं, कान गेले. पण कान शाबूत होते. हाक मारली की ती दचकायची, भिंतीकडे सरकायची, आणि तळहात तोंडावर दाबून बसायची. दारावरून पोरं गेली तर खिडकीखाली लपायची. पोरं आपण होऊन ओरडायची, "इथं आहे, आजी!" आतून काही यायचं नाही. साखरेची आठवण काढत पोरं पुढे जायची.

एका दुपारी ती घरात दिसेना. फीबीनं माळा पाहिला, गोठा पाहिला. "आई! अहो आई!" करत ती अंगणभर फिरली. शेजारी धावून आले, तेही हाका मारू लागले. जोएल शेतातून आला. घराभोवती चाललेला तो गलका ऐकून तो फाटकातच थांबला.

"गप्प बसा सगळे!" तो ओरडला. मग हळू म्हणाला, "फीबी, कुणी हाक मारू नका. सगळ्यांना घरात ने."

अंगण रिकामं झालं. लाकडं फोडायचा ठोकळा होता, जोएलनं कुऱ्हाड उलटी धरली. आईला त्यानं टेकडीवर पाहिलं होतं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याच्या हाताला ठोक्यांचं अंतर आठवलं. दोन. जरा थांबून एक.

काही नाही. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. त्यानं पुन्हा ठोके घातले.

कणसांच्या कोठीत काहीतरी खसखसलं. आतून, कणसांच्या ढिगामागून, बारीक आवाज आला. जोएलनं तो आवाज आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"आई, मी इथं आहे."

जोएलला पुढचे शब्द माहीत होते. त्यानं कुऱ्हाड ठोकळ्याला टेकवली.

"ये बाळ, ये," तो म्हणाला. "गेले सगळे."